मातृतीर्थ जिल्ह्यात आईच्या कागदाला किंमत नाही

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला माणसांचा पूर लोटतो. राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकायला उभा महाराष्ट्र येतो. त्यावरूनच आमच्या बुलडाणा जिल्ह्याला ‘मातृतीर्थ’ म्हणतात. पुढाऱ्यांच्या भाषणात हा शब्द असतो, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत असतो, स्वागताच्या कमानींवर असतो. ऐकून छाती फुगते.

आता याच मातृतीर्थातला एक प्रसंग ऐका. गावाचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. एका कारकुनाला बदनाम करून काही साधत नाही. तो जे बोलला ते मी दुसऱ्या तालुक्यांतही ऐकले आहे.

जून महिना. दाखल्यांच्या खिडकीसमोर रांग. रांगेत एक माय आणि तिची लेक. लेक बारावी झालेली, पुढच्या प्रवेशासाठी ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ हवे. मायच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तिचे स्वतःचे मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, आधार, चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला, आणि लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला. कारकुनाने कागद चाळले आणि म्हणाला, “वडिलांचा टीसी? वडिलांचा रहिवासी पुरावा?”

माय म्हणाली, “साहेब, बाप तं पोट्टी दोन वर्साची असतानाच गेला निंघून. कुठून आणू मी त्याचे कागद?”

“मग काका, आजोबा, कोणाचं तरी आणा. वडिलांकडचं पाहिजे.”

“मी हाय नं तिची माय. माह्या कागदावर होत नाही का?”

“आईचं चालत नाही, बाई.”

मी रांगेत मागे उभा होतो. पुढे होऊन विचारले, की आईचे चालत नाही असे कुठे लिहिले आहे, तो नियम दाखवा. नियम कोणी दाखवला नाही. नकार लेखी मागितला, तोही मिळाला नाही. ‘सिस्टीम घेत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “जाऊ द्या भाऊ, आपल्यासाठी दुसऱ्याचं काम अडते.” आणि लेकीला घेऊन निघून गेली.

त्या ‘आईचं चालत नाही’ या तीन शब्दांवर हा लेख आहे. कारण हे तीन शब्द एका खिडकीचे नाहीत. ते आता देशाच्या नागरिकत्वाच्या कायद्यात जाऊन बसले आहेत, आणि आपल्या चळवळीने त्याकडे म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही.

बाबासाहेबांनी काय मांडले होते?

आधी मूळ पाहू. संविधानाचे कलम ५. ज्या दिवशी आपण संविधान दिन साजरा करतो त्या २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानाची मोजकीच कलमे तत्काळ लागू झाली. बाकी सगळे संविधान २६ जानेवारी १९५० ला अमलात आले. त्या मोजक्या कलमांत नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे होती. घर बांधण्याआधी घरात कोण राहणार ते ठरले.

कलम ५ काय म्हणते? ज्याचा अधिवास भारतात आहे आणि जो भारतात जन्मला, तो नागरिक. किंवा ज्याच्या आईबापांपैकी कोणीही एक भारतात जन्मला, तो नागरिक. किंवा जो संविधान लागू होण्याआधी किमान पाच वर्षे इथे सर्वसाधारणपणे राहत होता, तोही नागरिक. तीन दारे. एक बंद असेल तर दुसऱ्याने आत या.

यातला ‘कोणीही एक’ हा शब्द नीट वाचा. बाप असे लिहिलेले नाही. आई किंवा बाप. १९४९ साली, जेव्हा जगातल्या कित्येक प्रगत म्हणवणाऱ्या देशांत मुलाला देश फक्त बापाकडून मिळत होता, तेव्हा भारताच्या संविधानाने आईला बापाच्या बरोबरीने उभे केले.

हे कलम बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ ला संविधान सभेत मांडले. मसुदा समितीला एवढी डोकेदुखी क्वचितच दुसऱ्या कुठल्या कलमाने दिली असेल, असे त्यांनी स्वतः सांगितले. किती मसुदे केले आणि फाडले याची गणती नव्हती. फाळणीने माणसे इकडची तिकडे झाली होती. त्या गदारोळात हे कलम लिहिले गेले.

आणि मांडणाऱ्या माणसाचा स्वतःचा प्रवास बघा. जन्म महूच्या लष्करी छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. शाळा साताऱ्यात, पुढे मुंबईत. १९४६ साली संविधान सभेत निवडून आले ते बंगालमधून. फाळणीत ती जागा गेली, तेव्हा १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून यावे लागले. रामजी सुभेदारांचे हे चौदावे अपत्य आज आमच्या खिडकीवर उभे राहिले असते, तर त्याला काय विचारले असते? जन्म परराज्यातला, पंधरा वर्षांचे सलग वास्तव्य दाखवा! फिरत्या नोकरीवर जगणाऱ्या घरातल्या माणसाला कागद आणि माणूस यांतला फरक कळत होता. म्हणून त्याने तीन दारे ठेवली.

वऱ्हाडातून उठलेला विरोध

या कलमाला सभागृहात विरोध झाला आणि विरोधाचा एक मोठा आवाज आपल्याच वऱ्हाडातला होता. डॉ. पंजाबराव देशमुख. मी त्यांचे ऋण मानतो. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून उभे राहिलेला हा माणूस. त्यांनी उभ्या केलेल्या शाळांत आमच्या किती पिढ्या शिकल्या. पण ऋण मानणे म्हणजे चूक झाकणे नव्हे. त्या चर्चेत भाऊसाहेब म्हणाले, की या कलमामुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली, की जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा.

ती दुरुस्ती संविधान सभेने स्वीकारली नाही. १२ ऑगस्ट १९४९ ला नागरिकत्वाची कलमे मंजूर झाली आणि धर्म दाराबाहेर राहिला.

बरोबर सत्तर वर्षांनी, २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने धर्म मागच्या दाराने आत आला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले, आंदोलने झाली. पण त्याच्या आधी, १९८६ पासून, एक वेगळी गोष्ट गुपचूप चालू होती. जन्माचे दार बंद होत होते आणि आईबापांच्या कागदाचे कुलूप लागत होते. त्यावर मात्र फारच थोडे बोलले गेले.

एक घर, तीन कायदे

त्या रांगेतल्या मायच्याच घराचा हिशोब मांडू. घरात तीन बाया. आजी, माय आणि लेक.

आजी स्वातंत्र्याच्या आधीची. तिला कलम ५. इथे जन्मली, इथेच राहिली, संपले.

माय १९८४ ची. तिला १९५५ चा नागरिकत्व कायदा, कलम ३. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जो जन्मला तो नागरिक. आई कोण, बाप कोण हा प्रश्न नाही. परदेशी वकिलाती वगैरेंचे अपवाद सोडून द्या, ते आपल्या वस्तीत राहत नाहीत.

१ जुलै १९८७ पासून कायदा बदलला. आता इथे जन्मून पुरत नाही. आईबापांपैकी एक तरी जन्माच्या वेळी भारताचा नागरिक असला पाहिजे.

लेक २००७ ची. तिच्यासाठी कायदा तिसराच. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी अट अशी, की आईबाप दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदेशीर स्थलांतरित नसावा.

या शेवटच्या अटीचा अर्थ ध्यानात घ्या. माय नागरिक आहे हे सिद्ध झाले, तिचा कागद पक्का निघाला, तरी काम संपत नाही. बाप कोण होता आणि तो बेकायदेशीर नव्हता, हेही दाखवावे लागेल. जो बाप लेक दोन वर्षांची असताना निघून गेला, ज्याने तिला दुधाचा एक थेंब दिला नाही, तिच्या शाळेची पायरी चढला नाही, त्याच्या खिशात या देशाने तिचे नागरिकत्व नेऊन ठेवले. ज्या माउलीने वीटभट्टीवर विटा वाहून तिला बारावी केले, तिचा कागद अर्धा.

आजीला जमीन पुरली. मायला जन्म पुरला. लेकीला आईसुद्धा पुरत नाही. तीन पिढ्यांत हक्क वाढायला हवे होते, ते घटत गेले.

कोणी म्हणेल, हे कायद्याच्या पुस्तकात आहे, रोज कोण विचारतो? विचारतात. २०२५ साली बिहारमध्ये मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले, तेव्हा हेच तीन थर मतदाराच्या अर्जात उतरले. १९८७ आधी जन्मला असाल तर स्वतःचा पुरावा. १९८७ ते २००४ मध्ये जन्मला असाल तर स्वतःचा आणि आई किंवा वडिलांचा. त्यानंतर जन्मला असाल तर स्वतःचा आणि आई-वडील दोघांचा. आधार कार्ड सुरुवातीच्या यादीत नव्हतेच, ते सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये घ्यायला लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले, की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्यावरून कोणी नागरिक ठरत नाही. मग गरिबाने दाखवायचे काय? पासपोर्ट?

तहसीलच्या ‘राष्ट्रीयत्व’ दाखल्याने नागरिकत्व मिळते असे नाही, ते कायद्याने मिळते. पण आमच्या मुलांच्या आयुष्यात ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो याच दाखल्यावर, आणि तो दाखला अडला की प्रवेश अडतो, वसतिगृह अडते, शिष्यवृत्ती अडते.

बी आणि शेत

हे ‘वडिलांकडचं पाहिजे’ येते कुठून?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाईला शेत म्हटले आहे आणि पुरुषाला बी. आणि दोघांत बी श्रेष्ठ ठरवले आहे. पीक बियाचे, शेताचे नव्हे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जे पुस्तक जाळले, त्यातला हा विचार आहे. पुस्तक जळाले, विचार फायलीत शिरला.

शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. त्यात ‘आईचे नाव’ असा रकाना आहे. ‘मातृभाषा’ असा रकाना आहे. ‘राष्ट्रीयत्व’ असा रकाना आहे. नाव आईचे लिहितात, भाषा आईची लिहितात, आणि राष्ट्रीयत्व सिद्ध करायची वेळ आली की बापाला शोधायला लावतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केले. चांगली गोष्ट आहे. पण नुसते नाव लावून काय उपयोग, त्या नावाला हक्क नसेल तर? साडीचोळी देऊन घरातला वाटा नाकारण्यासारखेच आहे हे.

संसदेनेही हेच केले होते. संविधानाने कलम ५ मध्ये ‘आईबापांपैकी कोणीही एक’ म्हटले, पण १९५५ च्या कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व देताना फक्त बाप मोजला. भारतीय आईचे परदेशात जन्मलेले मूल तिच्या नात्याने भारतीय होत नव्हते. ही चूक १० डिसेंबर १९९२ पासून सुधारली. संविधानाने दिलेले परत मिळायला सदतीस वर्षे लागली!

त्याच वर्षी आफ्रिकेत बोत्सवाना देशात युनिटी डाऊ नावाच्या वकील बाईने आपल्या सरकारविरुद्धचा खटला अपिलात जिंकला. तिचा नवरा अमेरिकन. लग्नानंतर झालेली तिची दोन मुले तिच्याच देशात जन्मली, तिथेच वाढत होती, तरी परकी ठरली होती. आई म्हणून माझे रक्त कमी का, असा तिचा सवाल होता आणि न्यायालयाने तो मान्य केला. पुढे ती न्यायाधीश झाली. आपल्या रांगेतल्या मायचा सवाल वेगळा होता का? “मी हाय नं तिची माय.” फरक एवढाच, की एकीला न्यायालय मिळाले आणि दुसरीला खिडकी.

१० ऑगस्ट १९५० चे भूत

नागरिकत्वाचा प्रश्न आमच्या लोकांना नवा वाटतो. पण आम्ही हा खेळ जातीच्या दाखल्यात कधीपासून खेळतो आहोत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधी तुमचा पूर्वज महाराष्ट्रात राहत होता याचा पुरावा आणा. आणि पूर्वज म्हणजे बापाकडचा.

आता बुलडाण्याची गंमत बघा. १० ऑगस्ट १९५० ला बुलडाणा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्र राज्यच नव्हते. बुलडाणा होता मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. पलीकडचे बुऱ्हाणपूरही त्याच राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० ला महाराष्ट्रात. रेषा सरकली, माणसे जागची हलली नाहीत. मलकापूर, जळगाव जामोद भागातली सोयरिक बुऱ्हाणपूरकडे आजही चालते. तिकडची लेक इकडे सून होऊन आली, की तिचे कागद परराज्यातले. तिच्या नवऱ्याने तिला टाकले, की तिच्या मुलांनी कुठल्या राज्यात आपली जात शोधायची? ज्या तारखेचा पुरावा मागता, त्या तारखेला तिचा आजा आणि नवऱ्याचा आजा एकाच राज्याचे रहिवासी होते!

आणि पुरावा म्हणजे काय, तर कोतवाल बुकाची नक्कल. त्या बुकात बहुतेकदा बाळाचे नावही नसते. अमक्या महाराला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली, एवढीच नोंद. बाळंतपण जिने सोसले तिचा पत्ता नाही. आणि गावातल्या जन्ममृत्यूची खबर सांगायला उन्हातान्हात ठाण्यावर पायपीट कोणी केली? आमच्याच आज्या-पणज्याने. अख्ख्या गावाचे जन्म ज्याच्या पायांनी सरकारदरबारी नोंदले गेले, त्याच्या पणतीला आज विचारतात, तू इथली कशावरून?

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रमेशभाई नायका खटल्यात सांगितले आहे, की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात आपोआप बापाची धरता येणार नाही. मूल अनुसूचित जाती-जमातीच्या आईने वाढवले, तिच्याच समाजात त्याने ते सगळे भोगले, हे पुराव्याने दाखवायची संधी त्याला आहे. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की एकटी आई मुलाच्या जन्मदाखल्यासाठी आली तर तिचे प्रतिज्ञापत्र पुरे, बापाचे नाव सांगायची सक्ती नको. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सांगितले, की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याराज्याचा वेगळा अधिवास अशी गोष्ट संविधानात नाही. निकाल आहेत. खिडकीपर्यंत पोचत नाहीत, एवढेच.

‘घुसखोर’ हा शब्द कोणावर पडतो

आता सर्वांत नाजूक जागी येतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम न्यायालयाकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आले. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. म्हणजे दाखल्याची गरज वाढली, माणसे रांगेत आली. आणि मालेगाव, अकोला, अमरावती इथे उशिरा दिलेल्या दाखल्यांवरून ‘बांगलादेशी, रोहिंगे दाखले घेत आहेत’ अशी ओरड सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराचे दाखले देणेच थांबवले. मार्चमध्ये कडक अटींसह नवी कार्यपद्धती आणली.

खोटे कागद देऊन कोणी दाखला घेतला असेल, तर त्याची चौकशी करा, गुन्हा दाखल करा. कोणी अडवले आहे? पण उशिरा नोंद होते कोणाची? ज्याचे मूल दवाखान्यात जन्मते त्याची नाही. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, पालावर जे जन्मते त्याची. पारध्याच्या लेकराची, नाथजोग्याच्या, गोपाळाच्या, वैदूच्या लेकराची. गरीब मुसलमानाच्या लेकराची. आणि आमच्या. जाळे टाकले घुसखोराच्या नावाने, अडकली कोण ते तहसीलच्या आवारात जाऊन बघा.

इथे आमच्यातल्या काही शहाण्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘ते मुसलमानांचे आहे, आपले काय जाते?’ असे म्हणणारे आमच्या वस्तीतही आहेत. त्यांनी आसाम बघावा. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, आदिवासी होते. आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायांचे हाल सर्वांत वाईट झाले. शाळेत गेल्या नाहीत, जन्मनोंद नाही, बापाशी नाते जोडणारा कागद म्हणून पंचायतीचा एक दाखला, आणि तो ग्राह्य की अग्राह्य यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. कागदाची चाळणी जात-धर्म विचारत नाही असे म्हणतात. खरे आहे. ती फक्त गरीब आणि बाई एवढेच विचारते, आणि या देशात गरीब कोण ते जातीने आधीच ठरवून ठेवले आहे.

‘मग काय, सीमा उघड्या टाकायच्या?’ हा ठरलेला प्रश्न. नाही. परकीय नागरिक शोधणे हे सरकारचे काम आहे. त्याच्याकडे पोलीस आहेत, सीमादल आहे, जनगणना आहे. माणूस परका आहे हे सरकारने सिद्ध करावे. आज उलटे आहे. परकीयांविषयीच्या जुन्या कायद्यात आपण परके नाही हे सिद्ध करायचे ओझे माणसावर होते आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ते त्याच्याच डोक्यावर राहिले. खुनाच्या आरोपीला निर्दोष धरून खटला चालतो, आणि वीटभट्टीवर जन्मलेल्या पोरीला परकी धरून?

आपल्याही पदरात

दुसऱ्याकडे एक बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. नवरा टाकून गेलेल्या बाईला आपल्या वस्तीत काय वागणूक मिळते? तिच्या पोराला ‘कोणाचा रे तू?’ विचारताना आपल्याला उत्तर बापाच्याच नावाचे हवे असते. रमाईच्या त्यागाची भाषणे आपण देतो, पण समितीच्या कामासाठी कागद जमवताना बायकांची कागदपत्रे पेटीच्या तळाला असतात. चुलता सही देत नाही, दाखल्याची प्रत देत नाही, कारण वाटणीत भांडण झालेले असते. पोरीचा प्रवेश चुलत्याच्या रागावर अडतो. हे मनुवाद नाही तर काय आहे? तो फक्त तहसीलमध्ये राहत नाही.

म्हणून मागण्या आणि काम, दोन्ही लिहितो.

मागणी पहिली. महाराष्ट्रात शिकलेल्या मुलाचा किंवा मुलीचा वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला आईच्या कागदांवर द्यावा, तसे स्पष्ट परिपत्रक काढावे आणि ऑनलाइन अर्जात ‘वडील/आई’ यातला एक पर्याय पुरेसा करावा.

मागणी दुसरी. उशिराच्या जन्मनोंदीत चौकशी सरकारी यंत्रणेने करावी. अंगणवाडीची नोंदवही, आशाताईची नोंद, लसीकरणाचे कार्ड, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे सगळे सरकारचेच कागद आहेत. ते शोधायला गरिबाला का पळवता?

मागणी तिसरी. जातीच्या दाखल्यात आईकडचा पुरावा ग्राह्य धरावा आणि १९५६ पूर्वी एकाच राज्यात असलेल्या जिल्ह्यांचे जुने अभिलेख समितीने स्वतः पत्र पाठवून मागवावेत.

मागणी चौथी आणि सर्वांत मोठी. नागरिकत्व कायद्याचे कलम ३ बदला. भारतात जन्मलेल्या मुलाची आई किंवा बाप यातला एक नागरिक असला की मूल नागरिक. बाबासाहेबांनी ‘कोणीही एक’ म्हटले होते, तेवढे तरी परत द्या.

आणि काम आपले. जयंतीच्या महिन्यात प्रत्येक मंडळाने चार दिवस कागदांचे शिबिर घ्यावे. डीजेचा एक दिवस कमी करा, पण वस्तीतल्या प्रत्येक एकट्या बाईची पेटी उघडून कागद लावून द्या. खिडकीवर नकार मिळाला तर तो लेखी मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, त्यात मुदत आहे, कारण लेखी द्यायची सक्ती आहे, अपील आहे. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण कुठल्याही कायद्यात नाही.

त्या मायला पुढच्या आठवड्यात शोधून काढले. दोन चकरांत, लेखी अर्ज आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर लेकीचा दाखला निघाला. त्याच खिडकीतून, त्याच कागदांवर. म्हणजे चालत होते! फक्त रांगेत भांडणारा कोणी लागला. ज्यांच्या रांगेत कोणी नव्हते, त्या किती परत गेल्या असतील, याची नोंद कुठल्याही बुकात नाही.

पुढच्या १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जाल, तेव्हा जिजाऊंपुढे माथा जरूर टेका. शिवाजी महाराजांना घडवणाऱ्या मातेचा तो जिल्हा आहे. पण परत येताना आपल्या तालुक्याच्या तहसीलमध्ये एक अर्ज देऊन या. त्यात एकच ओळ लिहा: आईच्या कागदावर तिच्या लेकराला या जिल्ह्यात काय काय मिळते, त्याची यादी द्या. ती यादी कोरी आली, तर कमानींवरचा ‘मातृतीर्थ’ हा शब्द पुसून टाकायला आपणच रंग घेऊन जाऊ.

जय भीम. जय जिजाऊ. जय संविधान.